हेडफोनवर छान वाटणारा रिमिक्स मोठ्या स्पीकरवर का फसतो?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सिंहगड रोडला राहता, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहात आणि दीड वर्ष लॅपटॉपवर ट्रॅक बनवताय. कोळी ठेक्यातल्या एका जुन्या मराठी गाण्याचे तुम्ही दोन रिमिक्स केलेत. एक न्यू-डिस्को (जुन्या डिस्कोचा आजचा अवतार), ११६ बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला ११६ ठोक्यांचा. दुसरा ट्रॉपिकल हाऊस या मवाळ, संथ प्रकारातला, १०४चा. हेडफोनवर आणि तुमच्या दहा-बाय-दहाच्या खोलीतल्या छोट्या मॉनिटर स्पीकरवर दोन्ही मस्त वाटले. पानशेतच्या बाजूला फार्महाऊसवर मित्राच्या वाढदिवसाला भाड्याच्या स्पीकरवर लावले, तर दुसऱ्या मिनिटाला माणसं खुर्च्यांकडे वळली. आता पंधरा हजार रुपये बाजूला काढलेत आणि विचारताय की कोणतं सिंथ प्लगइन (आवाज तयार करणारं सॉफ्टवेअर) किंवा सॅम्पल पॅक (तयार आवाजांचा संच) घेऊ.

दोन्ही ट्रॅक ऐकले, न्यू-डिस्कोचा तर चार वेळा ऐकला. माझं उत्तर असं की सध्या काहीही विकत घेऊ नका. तुमचे आवाज चांगले आहेत, काही तर फारच चांगले. पण तुमच्या ट्रॅकमध्ये एकही आवाज वेळेवर थांबत नाही. नोट कुठे सुरू करायची याचा तुम्ही बारकाईने विचार केलाय, ती कुठे संपवायची याचा केलेला नाही. नाचणाऱ्याचं पाऊल त्या संपण्यावर उचललं जातं.

मी सोळा वर्षं पुण्यात वाजवतोय. कोरेगाव पार्क, मुंढवा, बाणेर, आणि लग्नांचे संगीत तर मोजलेलेच नाहीत. त्याआधी कॉलेजात असताना चार वर्षं ढोल-ताशा पथकात होतो. खाली जे सांगतोय त्यातलं बरंचसं मी नदीपात्रातल्या सरावात शिकलोय.

एक गोष्ट आधीच कबूल करायला हवी. लोक बसले म्हणजे ट्रॅक वाईट, असं दरवेळी नसतं. तुमच्या आधी काय वाजत होतं? १२८च्या वेगाची हिंदी गाणी लागोपाठ अर्धा तास वाजली असतील आणि त्यावर तुम्ही १०४चा ट्रॉपिकल ट्रॅक लावला असेल, तर जगातला उत्तम ट्रॅकही माणसांना पाणी प्यायला पाठवतो. ट्रॉपिकल हाऊस हे संध्याकाळचं संगीत आहे. ऊन उतरताना, लोक येऊन स्थिरावताना ते लावायचं. जेवणानंतर साडेनऊला, दहाच्या आत स्पीकर बंद करायचाय म्हणून सगळे घाईत असताना, त्याला न्याय मिळत नाही. त्यामुळे १०४च्या ट्रॅकबद्दल मी निकाल देत नाही. ११६चा मात्र चालायला हवा होता. डाफ्ट पंकनी गिटारवादक नाइल रॉजर्सना घेऊन २०१३ साली केलेलं, लग्नाच्या संगीतात आजीसुद्धा ज्यावर ताल धरते ते ‘गेट लकी’ याच वेगाचं आहे.

आता बेसकडे येऊ. ११६ बीपीएमला एक ठोका साधारण ५१७ मिलिसेकंदांचा. तुमची बेसची नोट ठोक्याच्या बरोबर अर्ध्यावर सुरू होते. जागा योग्य आहे. पण ती पुढच्या किकपर्यंत, म्हणजे ड्रमच्या खालच्या मोठ्या ठोक्यापर्यंत, ताणलेली आहे आणि किक पडल्यावरही तिची शेपटी वाजत राहते. किक जिथे छातीत लागायला हवी तिथे खालची सगळी जागा आधीच भरलेली असते. तुम्हाला हे कुठेतरी जाणवलं असणार, कारण तुम्ही त्यावर जोरदार साइडचेन लावलाय. प्रत्येक किकला अख्खा ट्रॅक खाली दबतो आणि धापा टाकत वर येतो. ट्रॉपिकलमध्ये पॅडच्या लांब, मऊ सुरांवर हा परिणाम छान दिसतो. डिस्कोच्या बेसवर तो मी दोन-तीन डेसिबलच्या पुढे जाऊ देत नाही. नोट वेळेवर संपली तर त्याहून जास्त लागतच नाही.

हेडफोनवर हे लपतं, कारण तिथे खोली नसते. फार्महाऊसच्या फरशीच्या हॉलमध्ये प्रत्येक खालचा सूर भिंतींवर आपटून आणखी रेंगाळतो. तुमची आधीच लांब असलेली नोट तिथे दीडपट लांब होते आणि किक, बेस, टाळी यांचा गरगट होतो.

पथकात आम्हाला पहिल्या आठवड्यात एकच शिकवलं होतं: टिपरू (ढोलाची काठी) पानावर पडलं की लगेच उचलायचं. दाबून धरलं तर ढोल बोलत नाही. पन्नास ढोल एकदम वाजतात तेव्हा अंगावर काटा येतो, त्याचं अर्धं कारण दोन ठोक्यांमधली शांतता असते. एकाचंही टिपरू रेंगाळलं तरी ती शांतता मळते. डिस्कोचंही तसंच आहे. फिलाडेल्फियाचे ड्रमर अर्ल यंग यांनी सत्तरच्या दशकात चारही ठोक्यांवर किक आणि मधल्या अर्ध्यावर उघडी हाय-हॅट (पायाने मिटवायच्या दोन झांजा) हा साचा रुळवला. ती हाय-हॅट उघडते आणि पुढच्या किकला झपकन मिटते. मिटण्याचा तो क्षण ऐका. आणि शिक या डिस्को बँडमधले बर्नार्ड एडवर्ड्स यांचा बेस ऐका, निव्वळ नोटा कुठे तुटतात एवढ्यासाठी.

करून बघा. किक आणि बेस सोडून सगळं बंद करा. बेसच्या सगळ्या नोटा एका सोळाव्या भागाच्या करा (आवर्तनाचा सोळावा, ठोक्याचा पाव भाग), म्हणजे तुमच्या वेगाला १३० मिलिसेकंदांच्या आसपास. सुरुवातीला कोरडं, तुटक वाटेल. मग प्रत्येक आवर्तनात फक्त एकच नोट लांबवा. मी बहुतेक वेळा चौथ्या ठोक्यानंतरची लांबवतो, कारण ती समेकडे ओढून नेते. दहा मिनिटं फक्त एवढंच ऐका. मान हलायला लागली तरच बाकीचे ट्रॅक एकेक करून उघडा.

दुसरी गोष्ट गाण्याच्या ठेक्याची. यावर मी जरा थांबणार आहे, कारण मराठी गाण्यांचे रिमिक्स करणारे बहुतेक जण इथेच अडखळतात आणि परदेशी व्हिडिओंमध्ये याचं उत्तर सापडत नाही.

कोळी गीतांचा ठेका सहा मात्रांचा असतो, दादऱ्यासारखा तीन-तीनचा. त्यातल्या जोराच्या दोन मात्रांवर किक ठेवली की दोन आवर्तनांत चार किक बसतात. वरवर पाहता सगळं जुळलं. पण गाण्यात प्रत्येक ठोक्याचे तीन भाग आहेत आणि न्यू-डिस्कोत चार. गायिकेचं अक्षर ठोक्याच्या दोन तृतीयांशावर येतं, म्हणजे ११६च्या वेगाला ३४५ मिलिसेकंदांवर. तुमची हाय-हॅट अर्ध्यावर आहे, २५९वर. बेसची दुसरी नोट पाऊण भागावर, ३८८वर. अक्षर या दोघांच्या मध्ये लोंबकळतं. कानाला चाळीस मिलिसेकंदांचा फरक स्पष्ट कळतो आणि पायांना तर आधी कळतो.

तुम्ही काय केलंत? वार्प करताना, म्हणजे गाणं वेळेत ताणताना-आवळताना, प्रत्येक अक्षर ओढून ग्रिडवर, ठोक्यांच्या आखलेल्या रेषांवर, नेऊन बसवलंत. स्क्रीनवर सगळं सरळ रेषेत दिसतंय. पण गाणं लंगडायला लागलं. होडीच्या हेलकाव्यासारखी जी लय होती ती गेली, आणि ज्यांनी ते गाणं लहानपणापासून ऐकलंय त्यांना काय बिघडलंय हे सांगता आलं नसलं तरी बिघडलंय एवढं नक्की जाणवलं. माझ्या मते तुमचे पाहुणे याच जागी सुटले.

यावर माझ्याकडे तीन वाटा आहेत. पहिली, ट्रॅकच तीनच्या चालीत आणायचा. आठव्या भागांचं स्विंग, म्हणजे मधली नोट किती मागे सरकते ते, ६६-६७ टक्क्यांवर न्यायचं, अर्ध्यावरची हाय-हॅट दोन तृतीयांशावर सरकवायची आणि बेसही तिथेच. मग तो सरळ न्यू-डिस्को राहत नाही, पण झोकात चालतो, आणि आपल्याकडच्या लोकांना तो ठेका अंगातूनच येतो. दुसरी वाट म्हणजे गाण्यातल्या लांब सुरांच्या ओळीच तेवढ्या घ्यायच्या, जिथे आलाप आहे, हाक आहे, शेवटचं अक्षर ताणलेलं आहे. तिथे मधली अक्षरं नसल्यामुळे भांडणच होत नाही आणि खाली सरळ चारचा ठेका ठेवता येतो. तिसरी वाट नव्याने गाऊन घेण्याची. ती खर्चिक आणि परवानग्यांची आहे, म्हणून तूर्त सोडू.

मी स्वतः दुसऱ्या वाटेने जातो आणि मधल्या ब्रेकमध्ये पहिलीकडे वळतो. तिथे किक काढून टाकतो, मूळ गाणं त्याच्या स्वतःच्या सहाच्या चालीत आठ-सोळा आवर्तनं मोकळं सोडतो, खाली फक्त ढोलकी. लोक गायला लागतात. मग ताशाची तर्री (जलद कडकडाट) चढवून पुन्हा चारच्या किकवर उतरतो. हा उतार मी कितीतरी वेळा वाजवलाय आणि तो दरवेळी लागू पडलाय, कारण गाण्याची मूळ लय आधी ऐकवलेली असते, लपवलेली नसते.

सरळ चारच्या भागातही थोडं स्विंग ठेवा, यंत्रासारखं पन्नास टक्के नको. रॉजर लिन यांच्या ड्रम मशीनपासून ही टक्केवारीची भाषा रूढ झाली. पन्नास म्हणजे सरळ, सदुसष्टच्या आसपास म्हणजे तीनची चाल. सोळाव्या भागांवर ५४ ते ५७ यामध्ये कुठेतरी थांबा. तुमच्या वेगाला ५६ टक्के म्हणजे नोट सुमारे १५ मिलिसेकंद मागे सरकते. दिसायला काहीच नाही, पण ठेका सैल, चालता होतो.

वेग आणि पट्टी यांचंही बोलायला हवं. मूळ गाणं ९८च्या आसपास आहे आणि तुम्ही ते ११६पर्यंत ताणलंय, म्हणजे अठरा टक्के. एवढ्या ताणाने व्यंजनं फाटतात. पट्टी तशीच ठेवून ताणण्याऐवजी टेपसारखा वेग वाढवला, तर सुमारे सहा टक्क्यांना अर्धा स्वर चढतो. म्हणजे ९८चं गाणं अर्धा स्वर चढवलं की १०४ला येतं, आणि उरलेले पाच-सहा टक्के ताणले की ११०ला पोचतं. ११०लाही उत्तम न्यू-डिस्को होतो. ११६चा हट्ट सोडाच.

ट्रॉपिकलमध्ये तुम्ही वेग टेपसारखाच वाढवलाय, ते बरोबर. पण गाण्याची पट्टी आता काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या अधेमध्ये पडलीय, आणि मरिंबा (लाकडी पट्ट्यांचं वाद्य) नेमकी पांढरी तीनमध्ये आहे. जुन्या ध्वनिमुद्रणांमध्ये असं नेहमी होतं, टेपचे वेग थोडे इकडेतिकडे असायचे. तबलजी गायकाच्या पट्टीत तबला लावतो, गायकाला तबल्याच्या पट्टीत ओढत नाही. तुमचे सगळे सिंथ तीस-चाळीस सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट) खाली आणा. गायिकेच्या आवाजाला हात लावू नका.

याच पट्टीमुळे आणखी एक गोष्ट झालीय. पांढरी तीनचा खालचा बेस ४१ हर्ट्झला वाजतो. भाड्याचे दहा-बारा इंची स्पीकर, सोबत सबवूफर नसेल तर, तिथे जवळजवळ मुके असतात. ती नोट एक सप्तक वर, ८२ला घ्या, किंवा थोडं सॅच्युरेशन (हलका खरखरीतपणा) देऊन वरचे स्वरांश जागे करा. खाली खरंच काय वाजतंय ते स्पीकरवर अवलंबून आहे, म्हणून मी दोन्ही सप्तकं थोडीथोडी ठेवतो.

मोनोचं, म्हणजे डावा-उजवा एक करून वाजवलेल्या आवाजाचं, चटकन सांगतो, कारण उपाय एका बटणाचा आहे. तुम्ही बेसवर स्टिरिओ रुंद करणारा इफेक्ट लावलाय. भाड्याच्या सेटअपमध्ये दोन्ही स्पीकर बहुतेक वेळा मोनोतच जोडलेले असतात आणि मग डाव्या-उजव्यातला फरक एकमेकांना खाऊन टाकतो. मुंढव्यात एका गच्चीवर माझ्या स्वतःच्या ट्रॅकचा बेस असाच पूर्ण नाहीसा झाला होता, समोर दीडशे माणसं उभी असताना. तेव्हापासून १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मी मोनो ठेवतो आणि ट्रॅक पूर्ण झाल्यावर एकदा अख्खा मोनोत ऐकतोच.

इथवरचं एकत्र करून सांगायचं तर कामाचा क्रम असा ठेवा: आधी बेसच्या नोटा छोट्या करा, मग गाण्याच्या तीनच्या लयीचं काय करायचं ते ठरवा, मग सिंथ गायिकेच्या पट्टीत लावा आणि शेवटी खालचा भाग मोनो करा. उलट क्रमाने गेलात तर प्रत्येक पायरी दोनदा करावी लागेल.

तुमच्या खोलीबद्दल. दहा फूट अंतराच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासची लहर अडकते. तुमच्या खोलीच्या दोन्ही बाजू सारख्या, म्हणून त्रास दुप्पट. आणि तुम्ही लिहिलंय की टेबल मधोमध आहे. या लहरीचा जोर भिंतींपाशी सगळ्यात जास्त आणि बरोबर मध्यावर सगळ्यात कमी असतो. म्हणजे किकचा मुख्य भाग तुम्हाला ऐकूच येत नाही आणि तुम्ही तो वाढवत राहता. फार्महाऊसवर तोच फुगलेला बाहेर आला. टेबल सरकवा, कान समोरच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर येतील असं बसा. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावू नका, खालच्या सुरांना त्यांचा काहीच उपयोग नाही. कापसाच्या जाड गाद्या गुंडाळून कोपऱ्यांत उभ्या करा. ५६ हर्ट्झ पूर्ण आवरणार नाही, पण त्याच्या वरचा घुमारा नक्की कमी होईल.

ट्रॉपिकल ट्रॅकबद्दल थोडं. हे नाव ऑस्ट्रेलियन डीजे थॉमस जॅकशी जोडलं जातं, आणि २०१४च्या सुमारास नॉर्वेच्या कायगोमुळे ते घरोघरी पोचलं. त्यानंतर मरिंबा, बासरीसारखा ड्रॉप (ट्रॅकचा मुख्य उसळीचा भाग) आणि मऊ किक यांची इतकी नक्कल झाली की आता ते आवाज ऐकताच कान मिटतात. तुमच्याकडे मरिंबा आहे, स्टीलपॅन आहे, बासरी आहे, आणि तिन्ही एकाच सप्तकात बोलतात. दोन काढा. त्या जागी जलतरंग घेऊन बघा. त्याचा आघात मरिंबाइतकाच स्वच्छ असतो, पण सूर जास्त वेळ घुमतो, म्हणून त्याला कमी नोटा द्या. समुद्रावरच्या गाण्याला तो परका वाटत नाही.

पैशांचं. चरणजित सिंग यांनी १९८२ साली मुंबईत दहा राग डिस्को ठेक्यावर वाजवले, ते रोलंडच्या तीन यंत्रांवर: एक ड्रम मशीन, एक बेस, एक सिंथ. अख्खी तबकडी त्यावर झाली आणि कित्येक वर्षांनी जगाने ती पुन्हा डोक्यावर घेतली. तुमच्या लॅपटॉपमध्ये आज त्याच्या शंभरपट आवाज आहेत. पंधरा हजारांतले थोडे पैसे एखाद्या नीट ध्वनिसंस्कार केलेल्या स्टुडिओत दोन-तीन तास घेण्यावर घालवा. आपला ट्रॅक आणि आवडते पाच ट्रॅक तिथे सारख्या पातळीवर ऐका. दोन तासांत जे कळेल ते वर्षभर घरी बसून कळणार नाही.

नवं संगीत कसं ऐकायचं हेही तुम्ही विचारलं होतं. २०१५पासून जगभर नवी गाणी शुक्रवारी येतात, त्यामुळे माझा शनिवारचा सकाळचा वेळ त्यालाच असतो. तीसेक न्यू-डिस्को आणि ट्रॉपिकल ट्रॅक चाळतो, दोन-तीन ठेवतो. ठेवलेला ट्रॅक प्रोजेक्टमध्ये आणतो, १२० हर्ट्झच्या वरचं सगळं कापतो आणि बेस कुठे सुरू होतो, कुठे थांबतो, हे कागदावर खुणा करत ऐकतो. पर्पल डिस्को मशीन या निर्मात्याचा कुठलाही ट्रॅक असा कापून ऐका, किती वेळ खाली काहीच वाजत नाही हे बघून थक्क व्हाल. रिमिक्ससाठी द रिफ्लेक्स हा निर्माता ऐका. तो मूळ ध्वनिमुद्रणाचे वेगवेगळे ट्रॅकच नव्याने मांडतो, बाहेरचं काही घालत नाही.

हक्कांबद्दल एवढंच. मित्राच्या वाढदिवसाला वाजवणं आणि नेटवर प्रसिद्ध करणं यात फरक आहे. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, आणि गीतकार-संगीतकारांचा त्यांच्या निधनानंतर ६० वर्षं. ध्वनिमुद्रण मोकळं झालं म्हणून शब्द आणि चाल मोकळी होत नाही. ट्रॅक अपलोड करण्याआधी गाणं ज्या कंपनीचं आहे तिला लिहा. उत्तर येईपर्यंत तो सेटमध्ये वाजवून घासत राहा.

आता एक काम करा. न्यू-डिस्को ११०ला आणा आणि आठ आवर्तनांचा फक्त किक-बेसचा तुकडा इथे टाका. गाणं नको, मरिंबा नको, टाळीही नको. मी गाडीत, फोनवर आणि मोठ्या स्पीकरवर ऐकून नोट कुठे तोडायची ते एकेक करून सांगतो.